‘चाउशेस्कूच्या काळी बरं होतं’: रोमेनियन घरात हे ऐकलं की काय करावं

रोमेनियात नोकरीला, शिकायला किंवा माझ्यासारखं लग्न होऊन आलेल्या मराठी माणसाच्या कानावर हे वाक्य पहिल्या वर्षातच पडतं. टॅक्सीत, दवाखान्याच्या रांगेत, घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात. ‘पे व्रेमेआ लुई चाउशेस्कू’, म्हणजे चाउशेस्कूच्या काळी, अशी सुरुवात होते आणि पुढे घर, नोकरी, समुद्रावरची सुट्टी, शिस्त असं काहीतरी येतं. आपल्याला एवढंच ठाऊक असतं की हा हुकूमशहा होता आणि 1989 च्या नाताळात त्याला बायकोसकट गोळ्या घातल्या. मग समोरची मायाळू, पोट भरलं तरी ताटात वाढत राहणारी बाई त्याचं नाव निघाल्यावर हळवी का होते, हे कळत नाही. काही जण तिथल्या तिथे वाद घालतात, काही जण माना डोलावतात. दोन्हीने बोलणं खुंटतं.

मी बुखारेस्टच्या द्रुमुल ताबेरेई भागात राहते. सासूबाई आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली. त्यांच्या आणि त्यांच्या मैत्रिणींच्या घोळक्यात बसून जे उमगलं ते लिहिते आहे. माझी मुलं याच देशात वाढताहेत. आजीला तो माणूस का आवडतो आणि त्याच माणसाच्या राज्यात आजीने काय काय सोसलं, या दोन्ही गोष्टी त्यांना कळायला हव्यात असं मला फार वाटतं.

आधी सनावळी पक्की करा

निकोलाय चाउशेस्कू मार्च 1965 मध्ये कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख झाला, 1974 मध्ये राष्ट्राध्यक्ष, आणि डिसेंबर 1989 पर्यंत खुर्चीवर होता. ही वर्षं एकसारखी नव्हती. तो आला तेव्हा तुरुंगांतले राजकीय कैदी नुकतेच, 1964 मध्ये, सुटले होते. 21 ऑगस्ट 1968 ला सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या तेव्हा त्याने बुखारेस्टच्या मध्यावरच्या चौकात गच्चीवरून उघड निषेध केला. रोमेनियाने त्या मोहिमेत सैन्य पाठवलं नव्हतं. त्या दिवशी चौकात उभे असलेले लोक आजही सांगतात की अंगावर काटा आला होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बुखारेस्टला आले. त्याच सुमारास दाचिया गाड्या कारखान्यातून बाहेर पडू लागल्या, आणि नव्या इमारतींच्या रांगाच रांगा उभ्या राहत होत्या.

1971 मध्ये तो चीन आणि उत्तर कोरिया बघून आला आणि परतल्यावर लगाम आवळायला लागला. व्यक्तिपूजा वाढत गेली. मग ऐंशीचं दशक आलं. दहा अब्ज डॉलरच्या घरातलं परदेशी कर्ज फेडायचं म्हणून देशात पिकलेलं, बनलेलं बाहेर पाठवलं गेलं आणि लोकांच्या वाट्याला रांगा, रेशनकार्डं आणि थंडगार घरं आली.

त्यामुळे कुणी ‘तेव्हा बरं होतं’ म्हणालं की पहिला प्रश्न काळाचा विचारा. ‘1970 साली तुम्ही किती वर्षांच्या होतात?’ एवढं पुरतं. सासूबाईंचं उत्तर होतं, एकोणीस. ओल्त जिल्ह्यातल्या खेड्यातून त्या एका बॅगेनिशी शहरात आल्या, कापडगिरणीत लागल्या, पहिल्या पगारात त्यांनी बूट घेतले. चाउशेस्कूचा जन्मही त्याच जिल्ह्यातला, स्कॉर्निचेश्टचा. गावाकडच्या माणसांना तो आपल्यातला वाटे. ‘ने निकू’ म्हणतात ते, आपण घरातल्या वडीलधाऱ्याला निकूकाका म्हणावं तसं. ज्यांचं विसावं वर्ष 1985 मध्ये आलं त्यांना हाच प्रश्न विचारा, बहुतेक वेळा वेगळंच ऐकायला मिळेल.

त्याच्याबद्दल विचारू नका, घराबद्दल विचारा

‘चाउशेस्कू चांगला होता की वाईट?’ असं विचारलंत की समोरचा बाजू घेऊन मोकळा होतो. मग टीव्हीवरच्या चर्चेतली वाक्यं येतात. त्यापेक्षा विचारा: हे घर तुम्हाला कसं मिळालं? नोकरी कोणी लावली? सुट्टीला कुठे जायचात?

घराचा प्रश्न इथे सर्वांत जास्त दारं उघडतो. त्या काळात गिरणी, कारखाना, संस्था यांच्यामार्फत घर मिळायचं. भाडं पगाराच्या मानाने किरकोळ. शिक्षण संपलं की सरकार नेमणूक देई, नको असलेल्या गावी का होईना, पण नोकरी नक्की. 1990 नंतर बहुतेक भाडेकरूंना ती घरं स्वस्तात विकत मिळाली, आणि आज रोमेनियात शंभरातली नव्वदहून जास्त माणसं स्वतःच्या मालकीच्या घरात राहतात. म्हणजे ज्या भिंतींच्या आत बसून आजी हे बोलतात त्या भिंती त्याच काळातल्या आहेत. हे लक्षात घेतलं नाहीत तर त्यांचं बोलणं नुसता भाबडेपणा वाटेल.

सासूबाईंनी मला घराचा कागद दाखवला. पुठ्ठ्याची फाईल, नाडीने बांधलेली. आत 1976 चा वाटपाचा आदेश, गिरणीचा गोल शिक्का, खाली दोन सह्या. त्याच्यामागे पिन लावलेला फोटो: रिकाम्या खोलीत उपड्या केलेल्या खोक्यावर बसून जेवणारे त्या आणि सासरे. पुढच्या वर्षी, 4 मार्च 1977 च्या रात्री, मोठा भूकंप झाला. दीड हजारांवर माणसं गेली, बहुतेक बुखारेस्टमध्येच. सासूबाईंची इमारत उभी राहिली. ‘ही उभी राहिली,’ असं म्हणत त्यांनी भिंतीवर हात ठेवला. त्यांच्या हिशेबात त्या रात्रीचा जीव वाचणंही थोडं त्याच्याच खात्यावर जमा आहे. मी काही बोलले नाही. बोलायची वेळ ती नव्हती.

थंडीबद्दल विचारायला चुकू नका

चांगलं ऐकून घेतल्यावर दुसरी बाजू विचारायचीच. ती विचारली नाहीत तर तुम्ही पाहुणचार घेऊन निघालात, समजून काहीच घेतलं नाही. फक्त प्रश्न हाताला लागेल असा, रोजच्या जगण्यातला असावा. ‘दडपशाही होती ना?’ याला कोणी उत्तर देत नाही. याला देतात: हिवाळ्यात स्वयंपाक कधी करायचात?

कारण तो रात्री करावा लागे. दिवसा गॅसला दाबच नसे. मग बायका रात्री अकरा-बारानंतर उठून उद्याचं शिजवून ठेवत. वीज जायची, रेडिएटर कोमट असले तरी नशीब, मुलं कोट घालून अभ्यास करत. टीव्ही संध्याकाळी दोन तास, आणि त्यातलाही मोठा भाग त्याच्याच दौऱ्यांचा. खाटकाकडे डुकराचे पाय तेवढे उरत, त्यांना लोक बुटांच्या कंपनीवरून ‘अदिदाश’ म्हणत. कॉफीच्या नावाखाली भलतंच काहीतरी मिळे. रविवारी गाडी काढायची तर सम-विषम नंबराप्रमाणे आलटून पालटून. 1983 पासून टंकलेखन यंत्र बाळगायचं तर पोलिसांत नोंद करून त्याच्या अक्षरांचा नमुना द्यावा लागे. हे सगळं तीच माणसं सांगतात ज्यांनी पाच मिनिटांपूर्वी ‘बरं होतं’ म्हटलेलं असतं. त्यांना त्यात विसंगती वाटत नाही. तुम्हीही त्यांना पकडल्यासारखं करू नका.

बायकांशी बोलताना एक विषय असा आहे की तो तुम्ही काढायचा नाही, त्यांनी काढला तर मात्र जागचं हलायचं नाही. ऑक्टोबर 1966 मध्ये आदेश क्रमांक 770 निघाला आणि गर्भपातावर बंदी आली. वय 45 च्या पुढे किंवा चार मुलं असल्याशिवाय सूट जवळपास नव्हतीच. गर्भनिरोधकं दुकानात मिळत नसत. मूल नसलेल्यांवर कर होता. पुढे कारखान्यांत बायकांची सक्तीने तपासणी होई. चोरून केलेल्या गर्भपातात मेलेल्या बायकांचा आकडा नऊ-दहा हजारांच्या घरात धरला जातो. रक्तस्राव होत असलेली बाई इस्पितळात आली तर कोणी केलं त्याचं नाव सांगेपर्यंत उपचार थांबवून ठेवल्याच्या कितीतरी हकिगती आहेत. 1989 मध्ये सत्ता पालटल्यावर पहिल्या काही दिवसांतच हा आदेश रद्द झाला. नव्या सरकारलाही ठाऊक होतं की लोकांना सगळ्यात आधी काय हवं आहे.

एका 26 जानेवारीला, म्हणजे चाउशेस्कूच्या जन्मदिवशी, सासूबाई त्याच्या थडग्यावर फुलं ठेवून आल्या. संध्याकाळी आम्ही दोघी अक्रोड फोडत बसलो होतो. अचानक त्या म्हणाल्या, ‘माझ्या शेजारच्या मागावर एक मुलगी होती. सोमवारी आली नाही. बुधवारी आम्हाला कळलं.’ मग त्यांनी अक्रोड बाजूला ठेवला आणि सगळं सांगितलं. तिला आधीच दोन मुलं होती. कोणाकडे गेली, कशाने केलं, इस्पितळात पलंगाशेजारी मिलिशियाचा, म्हणजे तेव्हाच्या पोलिसांचा, माणूस कसा बसून होता. शेवटी म्हणाल्या, ‘त्याला हे माहीत नव्हतं. सगळं ती करायची आणि खालचे लोक करायचे.’ ती म्हणजे बायको, एलेना.

हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकाल. ‘त्याला माहीत नव्हतं, त्याच्यापासून लपवायचे.’ आदेशावर सही त्याची, धोरण त्याचं, भाषणं त्याची, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि मुलांनी विचारलं तर मी त्यांना तसंच सांगते. पण त्या संध्याकाळी सासूबाईंना मी एवढंच विचारलं, ‘तिचं नाव काय होतं?’ त्यांनी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, तिचा थोरला मुलगा आता इटलीत असतो तेही सांगितलं. मेलेल्या माणसाचं नाव विचारा. चूक-बरोबर कोण यावर वाद घालण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं आहे. ते नाव त्यानंतर आमच्या घरात राहिलं.

नव्वदच्या दशकाची गोष्ट सोडून देऊ नका

बाहेरचे लोक 1989 ला थांबतात. पण हे प्रेम बरंचसं 1989 नंतर वाढलं आहे. कारखाने बंद पडले, नाहीतर मोडीच्या भावात गेले. 1993 मध्ये महागाई 250 टक्क्यांच्या वर गेली, म्हणजे आयुष्यभराची शिल्लक वर्षात विरघळली. क्लुज शहरातल्या ‘कारितास’ नावाच्या योजनेत पैसे आठपट होतील म्हणून लाखो लोकांनी गाठीचे पैसे घातले आणि 1994 पर्यंत ते बुडाले. मग लोक निघाले: इटली, स्पेन, जर्मनी. 1990 मध्ये दोन कोटी तीस लाखांच्या पुढे असलेली लोकसंख्या 2021 च्या जनगणनेत एक कोटी नव्वद लाखांवर आली. खेड्यांत आजी-आजोबा आणि नातवंडं उरली, मधली पिढी परदेशात.

सासूबाईंची गिरणीही गेली. त्या जागी आता खरेदी केंद्र आहे. त्या तिथे जातात, दूध-पाव घेतात, पण मधल्या दारातून आत जाताना आजही म्हणतात, ‘इथे आमचा विणकाम विभाग होता.’ त्यांच्या पिढीचं ठरलेलं बोलणं आहे: तेव्हा खिशात पैसे होते पण दुकानात काही नव्हतं, आता दुकानात सगळं आहे आणि पैसे नाहीत. मला वाटतं, चाउशेस्कूचं नाव घेऊन हे लोक नव्वदच्या दशकात आपल्याला कोणी विचारलं नाही याची तक्रार करत असतात. ती तक्रार खरी आहे. म्हणून ‘1990 नंतर तुमचं काय झालं?’ हा प्रश्न न विसरता विचारा, आणि उत्तराला भरपूर वेळ द्या.

2025 च्या उन्हाळ्यात इन्स्कोप या संस्थेची एक पाहणी जाहीर झाली. शंभरातल्या सुमारे 66 जणांनी चाउशेस्कू हा चांगला नेता होता असं म्हटलं होतं. बातम्यांत मोठी खळबळ उडाली. असा आकडा हाती आला की लगेच ‘या लोकांना हुकूमशाही हवी आहे’ असा अर्थ काढू नका. सासूबाई त्या 66 मध्येच मोडतील, आणि त्याच सासूबाई प्रत्येक निवडणुकीला सकाळी सातला मतदानाला उभ्या असतात, कोणी सांगितलेल्या माणसाला मत देत नाहीत.

ही तीन विधानं ऐकाल, त्यामागचं ठाऊक असू द्या

‘त्याने देशावर एक पैशाचं कर्ज ठेवलं नाही.’ हे जवळजवळ खरं आहे. एप्रिल 1989 मध्ये कर्ज फिटल्याची घोषणा झाली. ते लोकांच्या पोटाला चिमटा काढून फेडलं, हे त्याला जोडून येतं. ते तुम्ही म्हणायची गरज नाही, ‘त्या वर्षी घरात लोणी कधी यायचं?’ असं विचारलं की त्याच सांगतात.

‘क्रांतीत मेलेले त्याने मारले नाहीत.’ यात अर्धं तथ्य आहे, म्हणूनच नीट समजून घ्या. डिसेंबर 1989 मध्ये हजारांहून जास्त माणसं मेली. त्यातली बहुसंख्य 22 डिसेंबरला तो हेलिकॉप्टरने पळाल्यानंतरच्या गोंधळात मेली, आणि त्या गोळीबाराचे खटले आजवर रखडले आहेत. पण जिथे क्रांती पेटली त्या तिमिशोआरा शहरात 17 डिसेंबरपासून निदर्शकांवर गोळ्या चालल्या त्या त्याच्याच हुकमावरून.

‘त्याला न्याय मिळाला नाही.’ तर्गोविश्तेच्या लष्करी छावणीत 25 डिसेंबरला घाईघाईत खटला चालला आणि लगेच भिंतीशी उभं केलं. आरोपपत्रात साठ हजार बळींचा आकडा होता, तो चुकीचा होता. त्याचा तिरस्कार करणारी माणसंही म्हणतात की नाताळच्या दिवशी असं करायला नको होतं. या मुद्द्यावर तुम्ही खुशाल होकार द्या. मीही देते. रीतसर खटला झाला असता तर मागावरच्या त्या मुलीची गोष्टही न्यायालयात आली असती.

आणि एक खबरदारी: सिगेतच्या तुरुंगात पन्नाशीच्या दशकात मेलेल्या नेत्यांचा दोष थेट चाउशेस्कूवर टाकू नका. तेव्हा सत्ता त्याच्या आधीच्या पक्षप्रमुखाची, गेओर्गे गेओर्ग्यू-देजची होती. तारीख चुकलीत की समोरचे आजोबा तुमची पुढची सगळी वाक्यं रद्द समजतात.

गेंचा स्मशानभूमीत जाताना

हे प्रेम डोळ्यांनी पाहायचं असेल तर 26 जानेवारी किंवा 25 डिसेंबरला सकाळी गेंचाच्या नागरी स्मशानभूमीत जा. 41 नंबरची ट्राम शेवटच्या थांब्यापर्यंत. शेजारीच लष्करी स्मशानभूमी आहे, दार बघून घ्या. चाउशेस्कू पतिपत्नींना 1989 मध्ये इथे गुपचूप, वेगवेगळं पुरलं होतं. 2010 मध्ये अवशेष काढून डीएनए तपासणी झाली आणि नंतर दोघांना तांबड्या दगडाच्या एकाच थडग्यात ठेवलं. धाकटा मुलगा निकूचं थडगंही याच आवारात आहे. सापडलं नाही तर कोणालाही विचारा, दाखवतात.

फुलं न्यायची असतील तर सम संख्येत. इथे मृतांना सम, जिवंतांना विषम, त्यामुळे सासूबाईंच्या वाढदिवसाला चार गुलाब नेऊ नका. फुलं नेलीच पाहिजेत असं नाही. मी नेत नाही. सासूबाईंच्या हाताला धरून नेते, कारण जानेवारीत वाटेवर बर्फ असतो. गर्दी फार नसते: बरीचशी वयस्क माणसं, एखादा कम्युनिस्ट काळातल्या चिन्हाचा झेंडा, कोणीतरी भाषण करतं, कोणी गातं, टीव्हीचे कॅमेरे फिरतात. फोटो काढायचा तर थडग्याचा काढा, माणसाचा काढायचा तर आधी विचारा. आपण वेगळे दिसतो, त्यामुळे कॅमेरेवाले आपल्याकडे वळतात. ‘मी कुटुंबासोबत आले आहे’ एवढं सांगून बाजूला व्हा.

कोणीतरी कागदी पेल्यात कोलिवा देईल. शिजवलेला गहू, साखर, अक्रोड, मृताच्या नावाने वाटतात. नाकारू नका. घेताना ‘बोगदाप्रोस्ते’ म्हणायचं. नुसतं ‘मुल्त्सुमेस्क’ म्हणजे धन्यवाद म्हटलंत तरी चालतं, पण पहिला शब्द ऐकून म्हाताऱ्यांचे चेहरे निवळतात. ‘देव त्याला क्षमा करो’ असं लोक म्हणत असतात. हे वाक्य कुठल्याही मृतासाठी म्हणतात, त्यामुळे तुम्ही म्हटलंत तर त्याचा जयजयकार होत नाही.

मात्र गेंचाला गेलात तर त्याच आठवड्यात क्रांतीतल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीतही जा. भुयारी रेल्वेच्या ‘एरोई रेवोलुत्सिएई’ स्थानकाबाहेर आलं की जवळच आहे. पांढऱ्या क्रूसांवर जन्मसालं वाचत चाला. अठरा, एकोणीस, बावीस वर्षांची मुलं. मी माझ्या मुलांना आधी इथे नेलं, मग गेंचाला. क्रम महत्त्वाचा आहे असं माझं मत आहे. वेळ असेल तर चाउशेस्कूचं राहतं घर, वसंत प्रासाद, 2016 पासून पाहायला खुलं आहे, आणि तर्गोविश्तेची ती छावणी 2013 पासून.

कोणाच्या घरात बसला आहात ते बघा

वर लिहिलेलं सगळं बुखारेस्टच्या कामगार वस्तीला धरून आहे. तिमिशोआरात हे प्रेम गृहीत धरून बोललात तर अपमान होईल. ब्राशोवमध्ये 15 नोव्हेंबर 1987 ला ट्रक कारखान्याचे कामगार रस्त्यावर उतरले होते, तिथल्या कुटुंबांना त्याची किंमत मोजावी लागली. ट्रान्सिल्व्हेनियातल्या हंगेरियन घरात त्याच्या काळाची आठवण म्हणजे आपल्या भाषेची, शाळांची गळचेपी. सिबिउकडची जर्मन कुटुंबं तर पश्चिम जर्मनीने माणशी पैसे मोजून सोडवून नेली. बुखारेस्टमध्येही उरानुस टेकडीवरचं ज्यांचं घर पाडून आजचं संसदभवन उभं राहिलं त्यांच्यासमोर ‘केवढी भव्य इमारत!’ म्हणू नका.

आणि सेकुरिताते, म्हणजे गुप्त पोलिसांबद्दल: ‘तुमच्या इमारतीत खबऱ्या कोण होता?’ असं कधीही विचारू नका. ज्यांना जाणून घ्यायचं ते सरकारी अभिलेखागारात अर्ज करून आपली फाईल वाचतात. काहींनी ती वाचून भावाशी बोलणं सोडलं आहे. काहींनी मुद्दाम वाचलेली नाही.

तरुण मुलांचं वेगळं. 2000 नंतर जन्मलेला मुलगा फोनवरच्या चित्रफिती बघून ‘तेव्हा शिस्त होती, सगळ्यांना घर होतं’ असं म्हणतो, तेव्हा त्याच्याशी थेट बोला, तिथे मी सौम्यपणा दाखवत नाही. ‘तुझी आजी रात्री किती वाजता स्वयंपाक करायची, विचारून ये’ असं सांगते. दोन-तीन जण खरंच विचारून आले. सध्याच्या राजकारणात मात्र हा विषय मिसळू नका. डिसेंबर 2024 मध्ये घटनात्मक न्यायालयाने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी रद्द केली, तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर माणसं पटकन तापतात.

तुम्हाला विचारलं तर

शेवटी आजी तुम्हाला विचारतीलच, ‘तुला काय वाटतं?’ टाळू नका, ‘मी परदेशी, मला काय कळतं’ असंही म्हणू नका. इतका वेळ त्यांनी मन मोकळं केलं आहे, त्यांना खरं उत्तर द्यावं. मी सासूबाईंना हे उत्तर दिलं होतं: तुम्ही कष्टाने मिळवलेलं घर, नोकरी, तरुणपण याबद्दल मला आदर आहे. त्या माणसाबद्दल नाही. त्या शेजारच्या मुलीसाठी मी त्याला क्षमा करू शकत नाही.

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘तू तिथे नव्हतीस.’ मी म्हटलं, ‘नव्हते, म्हणून तर तुम्हाला विचारते.’ त्यांनी अक्रोडांचा वाडगा माझ्याकडे सरकवला आणि 1978 च्या उन्हाळ्यात गिरणीने मामायाच्या समुद्रकिनाऱ्यावर पाठवलं होतं, ते सांगायला लागल्या. ऐकताना मधे मी वही काढली आणि लिहून घेऊ का विचारलं. हे तुम्हीही विचारा. बहुतेक जणी हो म्हणतात, फक्त आडनाव लिहू नको म्हणतात.